कॉफीचं वेळापत्रक बिघडलंय आणि बिल आपल्याला येतंय

फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरतो त्या बाजारात, अरेबिका जातीच्या कॉफीने पाउंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, ४ डॉलरचा टप्पा ओलांडला, इतिहासात पहिल्यांदाच. त्याआधीचा रेकॉर्ड एप्रिल १९७७ चा होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये मोडला आणि त्यानंतर दोनेक महिने भाव थांबायलाच तयार नव्हता. आता खरं सांगायचं तर महागाई धरून हिशोब केला तर १९७७ चा भाव अजूनही कितीतरी वर बसतो, पण पाकीट हातात घेतल्यावर ५० वर्षांच्या महागाईचा हिशोब कोण करतंय, आकडा दिसतो आणि तोंडातून "अरे बापरे" निघतं.

मग कुणीतरी सांगतं की हे सगळं क्लायमेट चेंजमुळे. चूक नाहीये ते, पण त्या एका वाक्यातून कळत काहीच नाही. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की पृथ्वी तापतेय, झाडं करपतायत, माल कमी येतोय म्हणून भाव वाढतोय, म्हणजे दरवर्षी थोडं गरम आणि दरवर्षी थोडं महाग. प्रत्यक्षात तसं होतच नाही. भाव हळूहळू चढत नाही, तो उड्या मारतो. आणि कॉफीचं झाड बहुतेक वेळा मरत पण नाही, उभंच असतं, हिरवंगार दिसतं, फक्त त्याला फळं लागत नाहीत किंवा लागतात ती भलत्या वेळी. माझ्या मते गरमीपेक्षा मोठा घोळ आहे तो वेळेचा, आणि तो समजला की भावाच्या उड्या पण समजायला लागतात.

आधी झाड समजून घेऊ. अरेबिका मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत खाली वाढणारं झुडूप. तिथे ना कडक ऊन ना गोठवणारी थंडी, त्यामुळे या बाईसाहेबांना सवय लागली ती वर्षभराचं सरासरी तापमान १८ ते २२ डिग्रीच्या मधे असण्याची. त्याच्या फार वर गेलं तरी नखरे, खाली गेलं तरी नखरे, आणि फ्रॉस्ट पडला म्हणजे दंव गोठलं की मग खेळ खल्लास. दुसरी जात रोबस्टा, ही आफ्रिकेतल्या सखल, दमट भागातली, चवीला कडक आणि कडवट, कॅफिन जास्त, इन्स्टंट कॉफीत आणि स्वस्त ब्लेंडमध्ये जास्त करून हीच असते. जगातली जवळपास सगळी कॉफी या दोन जातींतून येते, त्यातली अर्ध्याहून जास्त अरेबिका.

वर्षानुवर्षं असं धरून चालले होते की अरेबिकाला गरम झालं तर काय, रोबस्टा आहे ना, तिला २२ ते ३० डिग्री आरामात चालतं. मग २०२० मध्ये एक अभ्यास आला, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातल्या जवळपास ८०० शेतांचा दहा वर्षांचा डेटा काढून बघितला, तर निघालं की रोबस्टाचं पीक पण साडेवीस डिग्रीच्या आसपास किंवा त्याखाली सगळ्यात चांगलं येतं, आणि त्यापुढे एकेक डिग्रीला साधारण १४ टक्के उत्पन्न घटतं. म्हणजे नाव रोबस्टा, पण अंगात तेवढा दम नाही.

अरेबिकाचं अजून एक दुखणं आहे आणि ते रक्तातलंच आहे. ही जात लाखो वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जंगली जातींच्या संकरातून तयार झाली, त्यातली एक रोबस्टाच. शिवाय ती स्वतःच्याच परागाने फळ धरते, त्यामुळे बाहेरचं रक्त आत यायचा चान्स कमी. त्यात माणसाने अजून भर घातली. येमेनमधून मोजकीच बी बाहेर गेली, त्यातलं एक झाड ॲमस्टरडॅमच्या बागेत पोचलं, त्याचं एक रोप १७१४ मध्ये फ्रान्सच्या राजाला भेट दिलं आणि पुढे अमेरिका खंडातल्या कितीतरी कॉफीचे पूर्वज म्हणजे असली हाताच्या बोटावर मोजण्याइतकी झाडं. आता विचार करा, लाखो हेक्टरवर सगळी एकमेकांची चुलत भावंडंच उभी आहेत, एकाला जे सोसत नाही ते बाकीच्यांनाही सोसत नाही.

बरं आता मुख्य मुद्दा, वेळापत्रक. हे जरा सावकाश वाचा कारण सगळं यातच आहे.

कॉफीच्या फांदीवर कळ्या तयार होतात आणि झोपून राहतात. त्यांना नीट झोप लागायला कोरडे दिवस लागतात, दोनेक महिने. मग एक चांगला पाऊस पडावा लागतो, नुसतं भुरभुर नाही, मुळापर्यंत जाणारा. तो पाऊस म्हणजे कळ्यांचा अलार्म. त्यानंतर आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगरउतार पांढराशुभ्र होतो, वास थेट मोगऱ्यासारखा, आणि हा सोहळा दोन-तीन दिवसांत आटोपतो पण. त्यानंतर फळ धरतं, मग कित्येक आठवडे टाचणीच्या डोक्याएवढं राहतं, मग फुगतं, मग आतली बी भरायला लागते, मग पिकून लाल होतं. अरेबिकाला फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सात ते नऊ महिने लागतात, रोबस्टाला त्याहून जास्त. म्हणजे जवळजवळ वर्षभर या झाडाला क्रमाने हवं ते मिळत राहायला पाहिजे, कोरडं हवं तेव्हा कोरडं, ओलं हवं तेव्हा ओलं.

आता यातला एकेक टप्पा गंडवून बघू. समजा मधेच कधीतरी फसवा पाऊस पडला, कळ्या जाग्या झाल्या, फुलं आली आणि मग पुढे महिनाभर थेंब नाही. फुलं गळून गेली, त्या कळ्या त्या वर्षी परत येणार नाहीत. समजा एक दणदणीत पाऊस यायच्या ऐवजी तुटक तुटक चार पाऊस आले, तर फुलं चार हप्त्यांत येतात, आणि मग तोडणीच्या वेळी एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल आणि सुकून काळी पडलेली फळं शेजारी शेजारी. हाताने वेचायचं म्हटलं तर त्याच झाडाकडे चार-पाच वेळा यावं लागतं, आणि डोंगरावरच्या कॉफीत सगळ्यात मोठा खर्च मजुरीचाच असतो. एकदाच ओरबाडून घ्यायचं म्हटलं, ब्राझीलमध्ये मशीनने काढतात तसं, तर कच्चं-पिकं सगळं एकत्र आणि चवीचा सत्यानाश. समजा फुलं यायच्या दिवसांत उष्णतेची लाट आली तर कळ्या नीट उघडतच नाहीत, चांदणीसारख्या अर्धवट, टणक राहतात आणि फळ धरत नाही. समजा बी भरायच्या महिन्यांत फार गरम झालं तर फळ घाईघाईने पिकतं, दाणा हलका आणि बारीक राहतो, उंचावरची कॉफी चवीला भारी का लागते तर तिथे गारव्यामुळे दाणा सावकाश भरतो, तोच सावकाशपणा निघून जातो. आणि हे सगळं नीट पार पडलं आणि ऐन तोडणीत पाऊस कोसळला, तर फळं फुटतात, गळतात, आणि वाळत घातलेला माल बुरशी धरतो.

आता गंमत बघा, यातल्या कुठल्याही वर्षात एकूण पाऊस आणि सरासरी तापमान काढलं तर कदाचित नॉर्मलच दिसेल. म्हणून "तापमान दीड डिग्रीने वाढलं" हे वाक्य ऐकून कॉफीचं काय झालं ते कळत नाही. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, जमिनीतला ओलावा लवकर ओढून घेते, त्यामुळे कोरडं असतं तेव्हा फार कोरडं आणि पडतो तेव्हा धो धो, मधलं शिस्तीतलं काही राहत नाही. आणि कॉफीला नेमकं ते मधलंच हवं असतं.

२०२४ मध्ये ब्राझीलमध्ये हेच झालं. देशाच्या नोंदींमधल्या सगळ्यात वाईट दुष्काळांपैकी एक, मिनास जेराइस या राज्यात, जिथे ब्राझीलची सगळ्यात जास्त अरेबिका पिकते, महिनोन्महिने पाऊस नाही, वर उष्णतेच्या लाटा, आणि फुलं आणणारा पाऊस आला तो पण उशिरा. लक्षात घ्या, त्या वर्षीची तोडणी तोपर्यंत होत आलेली होती. नुकसान झालं ते पुढच्या, म्हणजे २०२५ च्या पिकाचं. बाजाराने ते आधीच ओळखलं आणि फळ झाडावर धरायच्या आत भाव वर गेला. माल गोदामात असतानाच भाव कसा काय वाढतो असं खूप जण चिडून विचारतात, त्याचं उत्तर हे, व्यापारी आजच्या पोत्याचा नाही, न उमललेल्या कळीचा भाव लावत असतो.

आता एक प्रश्न हमखास येतो की पृथ्वी गरम होतेय तर मग थंडीने कॉफी कशी मेली. जुलै २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये जोरदार फ्रॉस्ट पडला होता आणि भाव उसळले होते. त्याच्याही आधी जुलै १९७५ चा फ्रॉस्ट तर दंतकथेसारखा सांगतात, पराना राज्यातली अक्षरशः कोट्यवधी झाडं काळी पडली, तिथल्या कॉफीची तर कंबरच मोडली आणि धंदा वर उत्तरेकडे मिनास जेराइसच्या बाजूला सरकला, १९७७ चा तो रेकॉर्ड भाव त्याचाच शेवट. मुद्दा असा की सरासरी वाढली म्हणून एखादी कडाक्याची रात्र येणारच नाही असं नसतं. पण प्रत्येक फ्रॉस्टचं खापर क्लायमेट चेंजवर फोडायची घाई पण करू नये, फ्रॉस्ट आधीही पडायचे. २०२१ मध्ये वेगळं हे होतं की फ्रॉस्टच्या आधी भयंकर दुष्काळ होऊन गेला होता, झाडं आधीच हडकलेली, आणि त्यांच्यावर ती थंडी पडली. आजारी माणसाला ढकलायला जोर लागत नाही.

आजारपणाचं निघालंच आहे तर तांबेरा. पानाच्या मागे नारिंगी पावडर, पान गळतं, पान नाही तर अन्न नाही, अन्न नाही तर फळ नाही. १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हा रोग दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी संपली, मळेवाल्यांनी चहा लावला, आज श्रीलंका म्हटलं की चहा आठवतो त्याच्या मागे ही एक बुरशी आहे. उंचावरच्या मळ्यांना बऱ्याच काळ याची भीती कमी होती कारण गारव्यात बुरशी सुस्त असते. रात्री गरम व्हायला लागल्या तशी तीही वर चढली. २०१२-१३ मध्ये मध्य अमेरिकेत तांबेऱ्याने इतका हाहाकार केला की ग्वातेमाला आणि होंडुरासने आणीबाणी जाहीर केली. अर्थात दोष एकट्या हवामानाचा नव्हता, झाडं म्हातारी होती, खत-फवारणीला पैसे नव्हते. पण कॉफीत असंच असतं, एक कारण एकटं येत नाही.

किड्यांचं पण तसंच. फळ पोखरणारा एक भुंगेरा आहे, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, मादी फळाला भोक पाडून आत जाते आणि तिथेच पिल्लावळ वाढवते, एकदा आत गेली की फवारा पोचतच नाही. गरम हवेत याच्या पिढ्या भराभर होतात, म्हणजे वर्षाला जास्त वेळा हल्ला.

मग लोक म्हणतात सोपं आहे, डोंगरावर अजून वर लावा. शंभर मीटर वर गेलं की साधारण अर्धा-पाऊण डिग्री कमी होते, त्यामुळे कागदावर छान वाटतं. पण डोंगर वर निमुळता होत जातो, जेवढं वर जाल तेवढी जमीन कमी. वर जंगल असतं, किंवा दुसऱ्याची मालकी असते, किंवा रस्ता नसतो. आणि ज्याच्याकडे हेक्टरभर जमीन आहे त्याने ती डोक्यावर घेऊन वर कशी जायची? जगातली बहुतेक कॉफी अशाच छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, सव्वा कोटीच्या आसपास शेतं आणि त्यातली बहुतेक दोन हेक्टरच्या आतली. २०१५ मधला एक अभ्यास सांगतो की २०५० पर्यंत कॉफीला आज योग्य असलेली जगातली जमीन साधारण निम्म्यावर येऊ शकते. याचा अर्थ निम्मी कॉफी गायब असा नाही, तो शब्द "योग्य" आहे, तिथे कॉफी लावता येईल पण पाणी, सावली, औषध सगळ्याचा खर्च वाढत जाईल. वर काही नवे भाग योग्य होतील सुद्धा, पण त्यातले कितीतरी आज जंगल आहेत, आणि जंगल तोडून कॉफी लावायची म्हणजे त्याच आगीत तेल. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदाच केलाय की २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी विकता येणार नाही, फक्त त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत चाललेत.

इथपर्यंत शेत झालं. आता बाजार, कारण शेतातलं नुकसान ५ टक्के आणि भाव दुप्पट हे गणित शेतात सुटत नाही.

पहिली गोष्ट, कॉफी पन्नासेक देशांत पिकते पण जगाची एक तृतीयांशाहून जास्त एकट्या ब्राझीलमध्ये, आणि दुसरा नंबर व्हिएतनामचा. दोघं मिळून अर्ध्याच्या आसपास. ब्राझील मुख्यतः अरेबिका, व्हिएतनाम जवळजवळ सगळी रोबस्टा. एरवी ही जोडी एकमेकांना सांभाळून घेते, अरेबिका महागली की कंपन्या ब्लेंडमध्ये गुपचूप रोबस्टा वाढवतात आणि बहुतेकांना कळत पण नाही. २०२४ मध्ये दोन्हीकडे एकदम बोंब झाली. व्हिएतनामच्या मध्यवर्ती पठारावर शेतकरी फुलं आणायला पावसाची वाट बघत नाहीत, कोरड्या महिन्यांत विहिरी-तळ्यांचं पाणी देऊन कळ्या उठवतात, म्हणजे तो अलार्म त्यांनी स्वतःच्या हातात घेतलेला. भारी आयडिया होती, जोपर्यंत जमिनीखाली पाणी होतं तोपर्यंत. २०२४ च्या सुरुवातीला दुष्काळात तेच आटलं. शिवाय आधीची कित्येक वर्षं रोबस्टाला भाव नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी कॉफी उपटून ड्युरियन नावाचं फळझाड लावलं होतं, त्याला चीनमधून तुफान मागणी. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टा टनाला ५,००० डॉलरच्या वर गेली, २०२० मध्ये तीच दीड हजाराच्या खाली होती.

दुसरी गोष्ट, पिणारा ऐकत नाही. भाव वाढला म्हणून सकाळची कॉफी सोडणारी माणसं किती? फार थोडी, मी तर नक्कीच नाही. एका गाडीत ९७ सीट आहेत आणि जाणारे १०० जण, आणि त्यातल्या प्रत्येकाला जायचंच आहे, तर तिकीट ३ टक्क्यांनी महाग होणार नाही, तिघं जण वैतागून उतरेपर्यंत वाढत राहील. आणि उतरायला कोणी तयार नसेल तर कितीही.

तिसरी, माल लगेच वाढवता येत नाही. भाव बघून आज रोप लावलं तर पहिलं धड पीक तीन-चार वर्षांनी. एरवी मधला खड्डा गोदामातला साठा भरून काढतो, पण २०२३ च्या शेवटी न्यूयॉर्क बाजाराचा अधिकृत साठा आधीच २४ वर्षांतल्या नीचांकाला गेला होता. म्हणजे झटका बसला तेव्हा गादी नव्हतीच खाली.

आता वायदे बाजाराचा एक उपद्व्याप सांगतो, तो फारसा कोणी सांगत नाही. व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कॉफी घेतली की भाव पडायची भीती म्हणून तो तेवढ्याच कॉफीचा वायदा विकून ठेवतो. भाव पडला तर वायद्यात फायदा, चढला तर मालात फायदा, बरोबरी होते. पण भाव भसाभस चढला तर मालातला फायदा माल विकल्यावर मिळणार, काही महिन्यांनी, आणि वायद्यातला तोटा मात्र एक्स्चेंज रोजच्या रोज रोख मागतं, त्याला मार्जिन कॉल म्हणतात. कागदावर फायद्यात असलेला माणूस रोकड संपली म्हणून बुडू शकतो. मग असे व्यापारी घाबरून वायदे परत विकत घ्यायला धावतात आणि त्या धावण्यानेच भाव अजून चढतो. उलट बाजूला शेतकरी, २०२१ मध्ये भाव उसळला तेव्हा कोलंबियात बऱ्याच शेतकऱ्यांनी आधी स्वस्तात ठरवलेला माल दिलाच नाही, कारण बाहेर त्याच पोत्याला कितीतरी जास्त मिळत होतं. त्यांना बेईमान म्हणायच्या आधी एक आठवा, २०१९ मध्ये हाच भाव पाउंडाला १ डॉलरच्याही खाली होता आणि तेव्हा त्यांचा उत्पादन खर्च कोणी भरून दिला नव्हता.

म्हणून सगळं बिल हवामानाच्या नावावर फाडायला मी तयार नाही. भाव डॉलरमध्ये ठरतो, ब्राझीलचं चलन घसरलं की गणित बदलतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावलं, कॉफी धरून, आणि नोव्हेंबरमध्ये कॉफीवरचं काढून पण टाकलं, त्यात हवामानाचा काय संबंध? जुलै २०२५ मध्ये ३ डॉलरच्या खाली आलेला अरेबिकाचा भाव त्याच गोंधळात पुन्हा ४ च्या वर गेला. पण एवढं खरं की आधी दुष्काळाने साठा रिकामा केलेला नसता तर या धक्क्यांनी एवढं हललं नसतं.

आणि तुमच्या कपाचं काय? एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम कच्ची बी. भाजताना साधारण १५ ते २० टक्के वजन उडून जातं, उरली ३७५-३८० ग्रॅम. एका कपाला १६ ग्रॅम धरली तर २३-२४ कप. भाव ४ डॉलर असेल तर एका कपातली बी १७ सेंटची, दीड डॉलर असताना ती ६ सेंटची होती. म्हणजे हा विक्रमी भडका सुद्धा कपामागे १०-११ सेंट. कॅफेतल्या कपात जागेचं भाडं, पगार, दूध, वीज यांचा वाटा एवढा मोठा असतो की बी त्यात दबून जाते, त्यामुळे "कॉफी महागली म्हणून" कॅफेने अर्धा डॉलर वाढवला तर त्यातलं बरंचसं कॉफीमुळे नाहीये. पाकिटातली कॉफी घरी करणाऱ्याला मात्र चांगलाच दणका बसतो कारण पाकिटात बहुतेक बीच असते. आणि हा दणका काही महिने उशिरा येतो, कारण कंपन्या जुन्या भावाचा माल आधी संपवतात, म्हणून बातम्यांत भाव उतरला असं वाचतो तेव्हा दुकानात तो नुकताच चढलेला असतो.

शेतकऱ्याला तरी मिळाले का पैसे? ज्याच्या झाडावर फळं होती त्याला हो, आणि कोणाकोणाला खूप चांगले मिळाले. पण भाव चढतोच मुळी कोणाची तरी झाडं रिकामी राहिली म्हणून, आणि त्या माणसाला ४ डॉलर काय आणि ४० काय, विकायला पोतंच नाही.

उपाय आहेत, अगदीच अंधार नाहीये. सगळ्यात जुना म्हणजे सावली, मधे मधे मोठी झाडं ठेवायची, दुपारचं तापमान काही डिग्रींनी उतरतं, ओलावा टिकतो. याची किंमत म्हणजे उत्पन्न थोडं कमी, कारण ऊन कमी, आणि मशीन फिरवायला अडचण. गेल्या शतकात जास्त पिकाच्या नादात हीच झाडं तोडायला लावली होती, आता परत लावा म्हणून सांगतायत. दुसरा म्हणजे नवी संकरित वाणं, लांबच्या नात्यातल्या अरेबिकांचा संकर केलेली, चांगली जोमदार असतात, पण त्यांचं बी धरून लावलं तर पुढची पिढी तशी निघत नाही, बहुतेक रोपं लॅबमध्ये करावी लागतात म्हणून महाग. तिसरा म्हणजे जंगली जाती. कॉफीच्या सव्वाशेच्या आसपास जाती निसर्गात आहेत, आणि २०१९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतीबागेतल्या संशोधकांनी सांगितलं की त्यातल्या ६० टक्के नामशेष व्हायच्या धोक्यात आहेत. त्यातलीच एक स्टेनोफिला, २०१८ मध्ये सिएरा लिओनच्या जंगलात परत सापडली, कित्येक दशकं कोणाला दिसली नव्हती. चव अरेबिकासारखी, आणि वाढते ती सरासरी २५ डिग्रीच्या आसपास, अरेबिकापेक्षा ६ डिग्री जास्त. ऐकायला भारी, पण ती शेतात येऊन पोत्यांनी विकली जायला कित्येक वर्षं लागणार.

खरी अडचण मला वाटते ती झाड बदलायची. जुनं झाड काढून नवं वाण लावलं की तीन-चार वर्षं त्या तुकड्यातून काही मिळत नाही. भाव पडलेला असतो तेव्हा रोपांना पैसे नसतात, आणि भाव चढलेला असतो तेव्हा असलेलं झाड उपटायला हात धजत नाही, बरोबरच आहे, आत्ता तर चार पैसे मिळतायत. म्हणजे शेतकरी शहाणा आहे म्हणूनच बदल होत नाही. कोलंबियाने हा गुंता बऱ्यापैकी सोडवला होता. २००८ पासून तिथे तांबेरा आणि अतिपाऊस यांनी वाट लावली, २००७ मध्ये १.२५ कोटी बॅगांच्या आसपास असलेलं पीक २०१२ मध्ये ८० लाखांच्या खाली गेलं. तिथल्या शेतकरी महासंघाने मागे लागून, कर्ज आणि मदत देऊन कास्तियो नावाचं तांबेऱ्याला न जुमानणारं वाण लावून घेतलं, आणि २०१५ मध्ये आकडा १.४ कोटीवर गेला. पण त्यासाठी मजबूत संघटना लागते, नर्सऱ्या लागतात आणि मधली वर्षं कोणीतरी पोसावं लागतं.

आणि एवढं करून झाड एकदा बदललं की काम झालं असंही नाही. होंडुरासमध्ये पण २०१२ च्या तडाख्यानंतर लोकांनी लेम्पिरा नावाचं वाण लावलं, तांबेरा लागत नाही अशी त्याची ख्याती होती. २०१७ मध्ये कळलं की बुरशी बदललीय आणि आता लेम्पिराच्या पानामागे पण तीच नारिंगी पावडर दिसतेय. ज्यांनी तडाख्यानंतर रोपं लावली होती त्यांची झाडं तेव्हा नुकती कुठे भर पिकाला आली होती.